शकुन आमार नाम

ही गोष्ट खरी आहे.

कीर्तनाहून उठून आल्या आल्या कोणी खोटं बोलत नाही. मी आत्ता एकादशीचं कीर्तन ऐकून आलोय. कपाळावरचा बुक्का अजून पुसलेला नाही, आणि हे लिहायला बसलोय. त्यावरून काय ते समजा.

भुतं रात्रीच भेटतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी तर हे जरूर वाचावं. कारण यात रात्र नाहीच.

सकाळचे दहा... लख्ख ऊन... आणि समोर ऐसपैस रुंद हुगळी नदी.

साल १९५३. माघातली अमावास्या. जागा, कलकत्त्याच्या दक्षिणेला बजबजच्या अलीकडे, ज्यूटच्या गिरणीमागचा एक जुना घाट. एके काळी तिथे उतारूंच्या होड्या लागायच्या. दहा वर्षांपासून लागत नव्हत्या.

ज्या बाईवर हे गुदरलं ती माझी सख्खी मावशी. शकुनमावशी. तिनं मला ही हकिगत तीनदा सांगितली. तिन्ही वेळा एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही.

आता ती सांगायची तशीच सांगतो.

शकुन तेव्हा सव्वीस वर्षांची होती. माहेर वेंगुर्ल्याचं, दाराशी समुद्र. वडील हरदास. देवळात कीर्तनाला उभे राहिले की त्यांचा आवाज टाळ-मृदंगाच्या वरून थेट बंदरापर्यंत जायचा. मुलगी झाली त्या दिवशी घरात काहीतरी आनंदाची बातमी आली होती, म्हणून त्यांनी नाव ठेवलं शकुन. पुढे लग्नात सासरच्यांनी तांदळाच्या ताटात 'वृंदा' लिहायला अंगठी पुढे केली, तेव्हा या बाईनं नवऱ्याचा हात धरला. भर मांडवात!

"माझं नाव बाबांनी ठेवलंय. तेच लिहा."

विनायकरावांनी तेच लिहिलं. भला माणूस. हवामान खात्यात होते. आणि त्या काळात नवलच म्हणायचं, पण ते बायकोला खुशाल नावानं हाक मारत.

मग त्यांची कलकत्त्याला बदली झाली, आणि त्या नावानं घोळ घातला.

भवानीपूरला प्रेमलतादी नावाच्या एका वयस्क बाईंच्या घरात वरचा मजला भाड्यानं मिळाला. पहिल्याच दिवशी बाईंनी नाव विचारलं. शकुननं सांगितलं. बाईंचा चेहरा खर्रकन उतरला.

"शोकुन? ओ मा! तुझ्या बापाला दुसरं नाव सुचलं नाही?"

बंगालीत शकुन म्हणजे गिधाड.

मढ्यावर बसणारं गिधाड.

"मी आपली तुला बौमा, म्हणजे सूनबाई, म्हणेन," प्रेमलतादी म्हणाल्या. "आणि बाहेर कोणी विचारलं तर शकुंतला सांग. ऐकतेस ना?"

"बाहेर विचारलं तर शकुनच सांगणार. आमच्याकडे शुभ असतं ते."

"तुमच्याकडे असेल. इथे ते मेलेल्या बैलावर असतं!"

दोघी हसल्या. पण गोष्ट हसण्यावारी जाणारी नव्हती. शकुन मुंबईला चित्रकला शिकलेली. तैलरंगात समुद्र काढावा तर तिनंच, असं तिचे मास्तर म्हणायचे. लग्नानंतर तीन वर्षं ब्रश कोरडे पडले होते. आता एप्रिलमध्ये शहरातल्या एका मंडळाचं प्रदर्शन होतं. तिनं चौकशी केली, तर तिथले चिटणीस मिशीत हसले.

"चित्र आणा. पण सही बदला, बाई. कोपऱ्यात गिधाड बसवलेलं चित्र कोण घरात लावेल?"

शकुन घरी आली. पदर खोचला.

"चित्र लागलं तर माझ्या सहीनं लागेल," ती विनायकरावांना म्हणाली. "आणि ते समुद्राचंच असेल."

"अगं, कलकत्त्यात समुद्र कुठला?"

"जिथे भरती-ओहोटी, तिथे समुद्र."

शेवटी विनायकरावांनीच कचेरीतून भरती-ओहोटीचं वेळापत्रक आणलं, आणि त्यातून एक गंमत कळली. जागेवर बसून चित्र काढणाऱ्याला ऊन रोज त्याच वेळी परत मिळतं. पाणी मिळत नाही. ते रोज पाऊण-एक तास पुढे सरकतं. दहाच्या उन्हात तळाला गेलेलं पाणी हवं असेल, तर पंधरा दिवस थांबायचं. अमावास्या, पौर्णिमा, अमावास्या.

म्हणजे तीनच बैठका. त्यात चित्र पुरं व्हायला हवं.

पहिल्या अमावास्येला ती एकटीच बजबजच्या गाडीत बसली.

घाटावर माणूस म्हणावा तर एकच. वरच्या बाजूला चहाची टपरी घालून बसलेला श्यामसुंदर नावाचा म्हातारा. त्यानं तिचा ईझल, रंगांची पेटी, सगळं टकमक पाहिलं.

"मा, पाचव्या पायरीखाली जाऊ नकोस," तो मोडक्या हिंदीत म्हणाला. "खाली नुसता गाळ आहे. माणूस छातीपर्यंत जातो. आणि बान आला की वर पळायचं."

बान म्हणजे भरतीची लाट. समुद्राचं पाणी नदीत घुसतं तेव्हा पाण्याची भिंतच चालत येते. अमावास्या-पौर्णिमेला तर हमखास.

शकुननं पाचव्या पायरीवर ईझल मांडला. पायाशी वीट ठेवली. समोर ओला, चकाकणारा गाळ... पलीकडे करडं पाणी... दूर समुद्राकडे निघालेली एक आगबोट. वेंगुर्ल्याचा वास नव्हता, पण खारेपणा होता. तिनं आधी गडद रंग भरले. मग गाळावरचं ऊन घ्यायला पिवळ्यात पांढरा कालवला.

हाताला सूर लागला. तीन वर्षांनी लागला. तिला गावंसं वाटलं.

आणि मग...

चपक.

चपक... चपक...

गाळातून कोणीतरी चालत होतं.

शकुननं मान वळवली नाही. ओला रंग थांबत नसतो.

आवाज जवळ आला. थांबला.

"नाओ..."

बाईचा आवाज. अगदी हळू.

आता शकुननं पाहिलं. शेवटच्या पायरीच्या खाली एक बाई उभी होती. मळकट लुगडं, पदर पार नाकापर्यंत ओढलेला.

"नाओ..." ती पुन्हा म्हणाली.

शकुनचं बंगाली बाजारापुरतं. वांगी, मासे, कितीला दिले. तिला वाटलं, बाई नाव विचारतेय. आपल्या कानाला दुसरं काय वाटणार? तिनं हातातला ब्रश छातीला लावला आणि हसून सांगितलं,

"शकुन."

बाई एक पाऊल मागे सरली.

"शकुन. मी. शकुन."

बाई आणखी मागे गेली. हात तोंडाशी नेला. आणि शकुनच्या तेव्हा लक्षात आलं...

मागे जाताना पावलांचा आवाज होत नव्हता.

इतक्यात दूरवर होडीवाले ओरडले. "बान! बान!" श्यामसुंदर टपरीवरून धावत आला आणि ईझलसकट तिला वर ओढलं. खाली पाण्याची भिंत धडाडत गेली. पाचवी पायरी गेली. चौथी गेली.

"ती बाई!" शकुन ओरडली. "खाली बाई होती!"

"कोण बाई?"

"आत्ता नाव विचारत होती मला. नाव, नाव म्हणत होती."

म्हातारा मटकन खाली बसला.

"मा... तू काय सांगितलंस तिला?"

"माझं नाव. शकुन."

मग त्यानं जे सांगितलं, ते ऐकताना शकुनच्या हातातला चहा गार झाला.

दुष्काळाचं साल होतं. त्रेचाळीस. खेड्यापाड्यांतून माणसं भाताच्या पेजेसाठी कलकत्त्याकडे चालत निघाली होती. त्यातली एक बाई या घाटावर आली. होडी भरलेली. ती गाळात उतरली आणि होडीमागे चालत राहिली. कमरेपर्यंत... छातीपर्यंत... "आमाके नाओ. आमाके नाओ."

"नाओ म्हणजे नाव नाही, मा. नाओ म्हणजे घ्या. मला घ्या, म्हणत होती ती."

"मग?"

"मग बान आला. दुसऱ्या दिवशी ती इथेच गाळावर मिळाली. त्या दिवसांत इतकी माणसं मरत होती की उचलायला कोणी आलं नाही." म्हाताऱ्यानं नदीकडे बघायचं टाळलं. "आले ते फक्त शकुन. चार दिवस बसले होते."

शकुननं चहा खाली ठेवला.

"आणि मी तिला..."

"तुझ्या नावानं तू वाचलीस. दोन वर्षांनी एका मासेमारानं तिला 'एशो' म्हटलं. ये म्हटलं. त्याचं जाळं मिळालं, तो नाही मिळाला. ती ज्याला भेटते त्याला घेऊन जाते. तुला घाबरली. आता पुन्हा येऊ नकोस."

गाडीत बसल्यावर शकुनला रडू फुटलं. भीतीनं नव्हे. एक भुकेली बाई दहा वर्षं 'मला घ्या' म्हणतेय, आणि आपण तिला हसून काय सांगितलं? मी गिधाड आहे! ज्या हरदासांच्या घरी दारचा याचक विन्मुख जात नव्हता, त्यांची लेक ही!

"मी जाणार," तिनं घरी सांगितलं. "पौर्णिमेला जाणार."

"चित्रासाठी?" विनायकरावांनी विचारलं.

"चित्रासाठी आणि तिच्यासाठी."

होळी पौर्णिमेला ती गेली. विनायकराव ड्यूटीवर होते, म्हणून न सांगता गेली.

त्या दिवशी घाटावर कावळे नव्हते. गिरणीचा भोंगा वाजला नाही. नदीवर एक होडी नव्हती. कीर्तनात बुवांनी हात वर केला की मृदंग जसा एकदम थांबतो... तशी शांतता.

शकुननं रंग लावायला सुरुवात केली. आकाश झालं. पलीकडचं पाणी झालं.

चपक...

दूर. पार पाण्याच्या कडेला. एक ठिपका उभा होता. जवळ येत नव्हता.

"या ना!" असं तिच्या ओठांवर आलं. म्हाताऱ्याचं बोलणं आठवलं आणि तिनं जीभ चावली.

तिच्या मनात एकच होतं. घ्या म्हणतेय ना? मग घेऊ. चित्रात घेऊ. चांगली मध्यावर घेऊ. पण जागेवर बसलं की दिसतं तेच काढायचं, मनचं घालायचं नाही, हा तिचा नेम. आणि एवढ्या लांबून चेहरा दिसेना.

बान येईपर्यंत तो ठिपका तसाच उभा राहिला. बान गेल्यावर नव्हता.

त्यानंतरचा रविवार. सकाळी आठ वाजले होते. विनायकराव न्हाणीघरात, शकुन भाजी चिरत बसलेली. जिन्यावर आवाज आला.

चपक.

चपक... चपक...

शकुनची विळी थांबली.

आवाज एक एक पायरी वर चढत होता. दाराशी आला. दाराखालच्या फटीतून गाळाचा वास आत शिरला.

"आमाके नाओ..."

तिला उठता येईना. कडीवर बाहेरून काहीतरी ओलं सरकलं...

आणि न्हाणीघरातून विनायकराव मोठ्यानं ओरडले,

"शकुन! अगं शकुन, टॉवेल दे की!"

बाहेर सगळं गप्प झालं.

थोड्या वेळानं खालून प्रेमलतादींची किंकाळी आली. जिन्यावर गाळानं भरलेली पावलं होती. वर येणारी. उलट जाणारी एकही नाही.

विनायकराव टॉवेल गुंडाळून बाहेर आले. "पाण्याची टाकी गळत असेल," म्हणाले. पण बोटानं गाळ उचलून वास घेतला आणि दार लावून घेतलं.

प्रेमलतादींनी सगळी हकिगत ऐकून घेतली आणि कपाळाला हात लावला.

"बौमा, मी वर्षभर तुला नाव बदल म्हणत होते ना? आता बदललंस तर माझ्याशी गाठ आहे! दिवसरात्र तेच घे. अहो विनायकबाबू, तुम्ही तिला हाका मारत राहा. शोकुन, शोकुन! आणि ते चित्र गंगेत सोडून द्या."

"चित्र सोडणार नाही," शकुन म्हणाली. "आणि माझ्या नावानं कोणाला भिववणारही नाही."

"मग काय करणार आहेस?"

"मला एक वाक्य शिकवा. बंगालीत. नीट, तुमच्यासारखं."

प्रेमलतादींनी शिकवलं. आठ दिवस शिकवलं. स्वयंपाक करताना, कपडे वाळत घालताना शकुन तेच घोकत होती. विनायकराव आधी चिडले. एक दिवस जेवले नाहीत. मग बाजारात जाऊन काथ्याचा चाळीस हात दोर घेऊन आले.

"तू ऐकणारी नाहीस, हे मांडवातच कळलं होतं," ते म्हणाले. "कमरेला हा बांधायचा. दुसरं टोक माझ्या हातात. कबूल असेल तर चल."

"कबूल."

फाल्गुनातली अमावास्या. दुसऱ्या दिवशी पाडवा. सकाळी पावणेदहा.

विनायकरावांनी वेळापत्रक पाहिलं. "दहा बावन्नला बान. पन्नासला मी ओढणार, तू काही का म्हणेनास." घाटाच्या दगडी खांबाला त्यांनी दोराचा एक वेढा दिला. श्यामसुंदर आपणहून येऊन दोराला बिलगला.

"तुम्ही कशाला?" शकुननं विचारलं.

"होडी माझी होती, मा." म्हातारा पुटपुटला. "वल्ह्यानं तिचा हात मीच सोडवला होता. एक माणूस जास्त घेतलं असतं तर बुडाली नसती होडी. दहा वर्षं इथे बसलोय. मला ती कधी दिसत नाही. ऐकूसुद्धा येत नाही."

शकुननं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मग चित्राची फळी काखेत, पॅलेट अंगठ्यात, आणि ती पायऱ्या उतरली. पाचवी. सहावी. सातवी. शेवाळानं काळी झालेली शेवटची पायरी. तिथे ती बसली.

ठिपका पाण्याच्या कडेला उभा होताच.

शकुन उभी राहिली. हरदासांची लेक. पोटातून आवाज काढला.

"शकुन आमार नाम! आमी शकुन नोई!"

शकुन माझं नाव आहे. मी गिधाड नाही.

नदीवरून ते शब्द गेले. परत आले नाहीत.

"शकुन आमार नाम! आमी शकुन नोई गो!"

ठिपका हलला.

चपक...

चपक... चपक...

एवढा जवळून तो आवाज तिनं ऐकला नव्हता. गाळ पाय सोडताना जसा ओठ चोखल्यासारखा वाजतो, तसा. शकुननं ब्रश उचलला. आता मान वर करायची, पाहायचं, लावायचं. बस्स.

लुगड्याचा मळका करडा. पायांशी गाळाचा काळपट. खांदे... अरे, केवढे लहान खांदे! ही तर विशीतली पोर होती.

दहा हातांवर ती थांबली. पदर सरला.

चेहरा होता. मावशी याहून जास्त कधी बोलली नाही. एवढंच म्हणायची, "चेहरा होता रे. मला वाटलं होतं, नसेल."

"आमाके नाओ..."

"घेते. उभी राहा जरा. घेतेच आहे."

कपाळ. गालाचं हाड. डोळ्यांखालची सावली. ओल्या रंगात ओला रंग. शकुनला वेळ कळत नव्हता. वरून विनायकराव ओरडत होते, "शकुन! पन्नास झाले!" तिनं शेवटचा ठिपका ओठांवर ठेवला आणि फळी फिरवून तिच्यासमोर धरली.

"बघ. घेतलं तुला. ही तू."

ती बाई बघत राहिली.

मग तिनं हात पुढे केला... आणि फळीची दुसरी कड धरली.

फळी एकदम जड झाली. ओल्या माणसाएवढी जड.

कमरेचा दोर ताठ झाला. विनायकराव ओढत होते. पण त्याहून जोरात कोणीतरी खालून ओढत होतं. शकुनचा पाय पायरीवरून सुटला. गाळ थंड होता. घोट्यापर्यंत... पोटरीपर्यंत...

"आमाके नाओ..."

समुद्राकडून गडगड ऐकू आली.

फळी सोडली असती तर सुटका होती. मावशीला ते तेव्हाही कळत होतं. तिनं सोडली नाही.

"ए!" ती अस्सल वेंगुर्ल्याच्या आवाजात ओरडली. "घेतलंय ना तुला? मग मला कशाला नेतेस? हे चित्र माझं आहे! तू त्यात राहा, कायमची राहा, कोणी हाकलणार नाही! पण मी वर जाणार! माझं माणूस वर उभं आहे!"

पकड सुटेना.

तेव्हा तिनं वडील धरायचे तसा गजर धरला. डोळे मिटून नाही, त्या पोरीच्या डोळ्यांत बघून. "रामकृष्ण हरी! रामकृष्ण हरी!" पळवून लावायला म्हटलं नाही, मावशी सांगायची. कीर्तनात नव्या माणसाला आपण सरकून जागा देतो ना, तसं म्हटलं. तूही म्हण, म्हणून म्हटलं.

वरून दोन पुरुषी आवाज मिसळले. विनायकरावांचा बेसूर. म्हाताऱ्याचा रडका.

आणि चौथा एक. अगदी हळू.

फळी हलकी झाली.

दोर एकदम वर गेला. शकुन पायऱ्यांवर आपटत, गुडघे फोडून घेत वर आली, आणि तिच्या टाचांना चाटून बान गेला. ब्रश गेले. पॅलेट गेलं. फळी छातीशी होती.

विनायकरावांचे तळवे सोलून निघाले होते. ते म्हणाले, "मी दोघींना ओढत होतो. शपथेवर सांगतो. दोघींचं वजन होतं."

श्यामसुंदरनं चित्र पाहिलं.

"हीच," तो म्हणाला. "हीच ती." आणि घाटाच्या दगडावर डोकं ठेवून लहान मुलासारखा रडला.

दुसऱ्या दिवशी पाडव्याला गुढी उभारल्यावर शकुननं कोपऱ्यात सही केली. चांगली ठसठशीत, देवनागरीत. शकुन.

प्रदर्शनात चित्र लागलं. चिटणीस मिशीत हसायला आले आणि चित्रासमोर न हसता उभे राहिले. सही बदला, असं पुन्हा कोणी म्हणालं नाही. दोघांनी विकत मागितलं. मावशीनं दिलं नाही. "तिला कायमची राहा म्हटलंय," म्हणाली.

त्या घाटावर पुढे कोणाला काही दिसलं नाही, असं प्रेमलतादींनी पत्रातून कळवलं होतं.

इथे कीर्तन असतं तर बुवांनी आरती घेतली असती. पण मला एक सांगायचंय. ते सांगितल्याशिवाय झोप येणार नाही.

तैलरंग वाळायला वेळ लागतो. पांढरा आठवडाभर घेतो. पण बर्न्ट अंबर नावाचा तपकिरी रंग सगळ्यांत आधी वाळतो, एक-दोन दिवसांत खडखडीत. मावशीनं सही त्याच रंगात केली होती.

सगळं चित्र महिन्यात वाळलं. ती पोरगीसुद्धा वाळली.

सही वाळली नाही.

मावशी गेली तेव्हा एक्याऐंशी वर्षांची होती. शेवटपर्यंत तिनं ते चित्र पलंगासमोर ठेवलं. लोक म्हणायचे, पुसून टाक ते नाव, नव्यानं लिही. ती फटकारायची, "ओलं तर ओलं. नाव माझं आहे."

आता चित्र माझ्याकडे आहे. पुण्यात, बाहेरच्या खोलीत. मी सहीला अंगठा लावून पाहिलाय. तपकिरी उमटतो. वास तेलाचा येत नाही. गाळाचा येतो.

ओलं राहिलं, इथवर मी मन घट्ट केलं होतं. पण गेल्या दोन-तीन वर्षांत अक्षरं जाड व्हायला लागलीत. मुलं पाटीवर गिरवतात ना, रोज त्याच रेघेवरून, तशी. कोणीतरी गिरवतंय ते नाव.

मी पाचवीपर्यंत मावशीकडे राहून कलकत्त्यात शिकलो. दोन्ही लिप्या गिरवल्या आहेत. म्हणून मला कळलं, नाहीतर कळलंही नसतं.

मघाशी कीर्तनाहून आल्यावर दिवा लावला आणि चित्राला नमस्कार केला. 'श' मावशीचाच आहे. 'कु' मावशीचा आहे.

शेवटचा 'न'... बंगाली आहे.